डबा, रिकामा

शाळेमागची खोली
दि. ९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझं पत्र काल पोचलं. दोन पानं भरून लिहिलंस आणि लग्न हा शब्द एकदाही येऊ दिला नाहीस. ‘जे झालं ते’, ‘तो प्रकार’, ‘परवाची गोष्ट’. अरे, मी काही दरोडा घातलेला नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत हयात घालवलेली तुझी थोरली बहीण साठीला टेकल्यावर नोंदणी कचेरीत गेली आणि एका भल्या माणसाशेजारी बसून सही करून आली. साक्षीदारांत तुझ्या बायकोची सही आहे आणि ती माझ्या सहीपेक्षा ठसठशीत आहे. तू त्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होतास म्हणे. दिवसभर एकाच गिऱ्हाइकाचे का, असं मी तिला विचारलं, तर ती तोंडाला पदर लावून हसली.

ज्यांना तू अजून ‘तो काटेवाला’ म्हणतोस, ते माझे यजमान गेल्या आठवड्यात परत तिकडे, परदेशी गेले. काटेवाला म्हण बापडा. वजनकाटे दुरुस्त करणं हाच त्यांचा धंदा आहे. आमच्या प्रयोगशाळेतले तराजू वर्षातून एकदा लावून द्यायला यायचे तेव्हापासून मी त्यांना ओळखते. मग ते कामासाठी परदेशी गेले, तिथेच राहिले, पुढे त्यांची बायको गेली, पत्रं मात्र येत राहिली. यात चोरून काही नाही. हो, लग्नाच्या दिवशी त्यांच्या चष्म्याची दांडी मोडली होती. ती तुझी बायको दुकानात घेऊन आली आणि कुणाची ते न विचारता तू जोडून दिलीस. त्यांनी आभार कळवायला सांगितले आहेत.

आता कामाचं. सामान पाठवणाऱ्या कचेरीत जाऊन आले. तिथला कारकून तोंडात पेन धरून बोलतो, पण नियम त्याला पाठ आहेत. पाहुणी म्हणून गेले तर दोन बॅगा, बाकी काही नाही. कायमची राहायला गेले तर अख्खं बिऱ्हाड जकातीशिवाय नेता येतं. मात्र वस्तू माझ्या स्वतःच्या आणि वापरलेल्या हव्यात, इथलं घर सोडल्याचं लिहून द्यायला हवं, आणि मी आधी पोचायचं, सामान मागून. नवी कोरी वस्तू चालत नाही. माती, बियाणं, धान्य, खाण्याची कुठलीही गोष्ट चालत नाही. प्रत्येक खोक्यात काय आहे ते लिहायचं आणि खाली सही करायची की हे सगळं मी माझ्या हाताने भरलं. निवृत्त होताना शाळेने दिलेला छोटा तराजू बघून तो म्हणाला, हे धंद्याचं हत्यार आहे, याला जकात पडेल. मी त्याला सांगितलं की यावर मी रोज चहाची साखर मोजते. त्याने पेन तोंडातून काढलं आणि घरगुती वस्तूंत लिहून टाकलं.

तू म्हणतोस पाहुणी म्हणून जा, खोली तशीच राहू दे, मी अधूनमधून येऊन कुलूप बघत जाईन. म्हणजे चार लोकांना सांगता येईल की ताई फिरायला गेली आहे. नाही. मी जाणार ती बिऱ्हाड घेऊन जाणार, झाऱ्यापासून कपाटापर्यंत. माझा संसार मुळातच उशिरा सुरू होतोय, तो मी दोन बॅगांत कोंबणार नाही.

मुलांना पापा. तुझा राग निवळेपर्यंत माझाच लोभ वापर, माझ्याकडे पुष्कळ आहे.

तुझी,
ताई


चष्म्याचं दुकान
दि. १८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी कुठलाही शब्द मुद्दाम गाळलेला नाही. पानावर जागा नव्हती.

तुझं पत्र घेऊन काकांकडे गेलो होतो. तू हसशील, पण बाबांच्या मागे घरात तेच वडीलधारे आहेत आणि त्यांना विचारल्याशिवाय आपल्यात कुणी छत्रीसुद्धा घेत नाही. त्यांचं म्हणणं असं की या वयात माणसं वस्तू वाटून टाकतात, बांधून नेत नाहीत. ते असंही म्हणाले की बाई एकटी राहिली, चांगली राहिली, आता शेवटच्या पानावर शाई कशाला सांडायची. मी ऐकून घेतलं. त्यांच्यासमोर माझं तोंड उघडत नाही हे तुला ठाऊक आहे.

लोक विचारू लागले आहेत. मी सध्या सांगितलंय की ताई डोळ्यांच्या उपचाराला परदेशी चालली आहे. सुचलं ते बोलून गेलो. आता जो तो विचारतो की चष्मेवाल्याच्या बहिणीला डोळ्यांसाठी समुद्रापलीकडे जावं लागतं, तर आम्ही तुझ्याकडे यायचं की नाही. दोन गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. हेही सगळं तुझ्यामुळे.

एक गोष्ट लिहितो, ती काकांची नाही. माणूस चांगला असेल. तू म्हणतेस म्हणजे असणारच. पण नाही पटलं तर? दोन बॅगा घेऊन गेलेली बाई दोन बॅगा घेऊन परत येते, आपलं दार उघडते, चहा ठेवते. बिऱ्हाड उठवून गेलेली बाई परत कुठे येणार? माझ्याकडे ये म्हणेन, पण तू येणार नाहीस. तू आजवर कुणाच्या घरी पाहुणी म्हणून चार दिवस राहिलेली मला आठवत नाही. तेव्हा निदान ते लोखंडी कपाट आणि स्वयंपाकाची भांडी राहू देत. खोलीत चूल पेटण्याजोगं काहीतरी असलं की माझा जीव थाऱ्यावर राहील.

निरोप द्यायला मला जमणार नाही. दुकान बंद ठेवता येत नाही.

रागावू नये. रागावलीस तरी पत्र लिहीत जावे.

तुझा,
धाकटा


शाळेमागची खोली
दि. २७ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

डोळ्यांच्या उपचाराला! मी अजून दिवा न लावता सुईत दोरा ओवते. काकांना म्हणावं, येऊन बघा.

इतकी वर्षं मी प्रयोगशाळेत पोरांना एकाच गोष्टीवरून ओरडले. बाटली फुटली तर कधी बोलले नाही. फुटते, फरशी पुसून घ्यायची. पण आत एक आणि चिठ्ठीवर दुसरं असेल तर मी वर्गाबाहेर काढायची, मग तो हेडमास्तरांचा मुलगा का असेना. कारण ती बाटली आज ना उद्या कुणाच्या तरी हातावर उलटते. आणि माझ्याच सख्ख्या भावाने माझ्यावर चुकीची चिठ्ठी चिकटवून मला गावभर फिरवावं, याचा मला फार राग आला आहे. दोन दिवस पत्र लिहायला बसले नाही ते त्यामुळेच.

नाही पटलं तर काय, हे तू विचारलंस. तुझ्या अख्ख्या पत्रात तेवढंच तुझं होतं, म्हणून त्याचं उत्तर देते. नाही पटलं तर बघीन. ॲसिडच्या कपाटाची किल्ली जन्मभर माझ्या कमरेला होती, मला भीती कशी सांभाळायची ते येतं. पण परतीची सोय मागे ठेवून जायचं म्हणजे तिथल्या घरात रोज एका पायावर उभं राहायचं. ते माझ्याच्याने होणार नाही, आणि त्या माणसाला ते बघायला लावणं हा त्याचा अपमान आहे. कपाट जाणार. भांडी जाणार. कारकुनापुढे कागदावर ‘कायमची’ असं लिहिलं, तेव्हा त्याने एकदा वर बघितलं. मी त्याला म्हटलं, शाई वाळू दे, मग घडी घाल.

खोकी भरून झाली. सगळे डबे घासून, उन्हात वाळवून ठेवले. आपल्या आईने कुणाचं भांडं कधी रिकामं जाऊ दिलं नाही. शेजारणीची वाटी आली तर काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालून द्यायची. आणि त्याच आईच्या मुलीने, म्हणजे मी, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली आहे: ‘डबा, रिकामा’. लावताना मलाच चोरट्यासारखं वाटलं. पण नियम तो नियम. धान्याचा दाणा सापडला तरी सगळं सामान अडकतं, असं कारकून म्हणाला.

पुढच्या गुरुवारी मी निघते. खोकी उघडीच ठेवली आहेत, कंपनीची माणसं येऊन चिकटपट्टी लावतील आणि घेऊन जातील. किल्ली तुझ्या बायकोकडे दिली आहे. तू येऊ नकोस, दुकान बंद ठेवता येत नाही.

माझा लोभ कमी झालेला नाही, फक्त तो जरा चिडलेला आहे.

तुझी,
ताई


घरून
दि. १६ फेब्रुवारी

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कळलं, जिवाला बरं वाटलं. तुमचं सामान परवा गेलं. त्याची हकीकत सांगायला हे पत्र.

मी एकटीच जाणार होते. पण निघायच्या सकाळी हे दुकानाला कुलूप लावून, बूट घालून दारात उभे. म्हणाले, त्या खोलीचा कडीकोयंडा जुना आहे, बघायला हवा. दोन्ही हातांत दोन पिशव्या, त्याही अशा की खांदे खाली आलेले. कडीकोयंड्याला एवढ्या पिशव्या कशाला, हे मी विचारलं नाही. इतकी वर्षं संसार केला म्हणजे कुठे विचारायचं आणि कुठे नाही ते कळतं.

खोलीत गेल्यावर त्यांनी एकेका खोक्यावरची तुमची चिठ्ठी वाचली. अगदी ‘पायपुसणं, वापरलेलं’ हीसुद्धा. मग मला खालून चहा आणायला पाठवलं. चहा आणला तर खिळे आणायला पाठवलं. खिळे आणले तर म्हणे बारीक हवेत. शेवटी मी खाली घरमालकिणीकडेच जाऊन बसले. वर आले तेव्हा कोयंड्याला एकही खिळा ठोकलेला नव्हता आणि पिशव्या रिकाम्या होत्या.

दुपारी कंपनीची माणसं आली. त्यातला एक भांड्यांचं खोकं उचलताना थांबला आणि म्हणाला, यावर रिकामा लिहिलंय. हे त्याला म्हणाले, पूर्वीच्या भांड्यांना पत्रा जाड असायचा, तू उचल. त्या माणसाच्या कपाळावर घाम होता. सामान गेल्यावर हे त्या मोकळ्या खोलीत जरा वेळ उभे राहिले. बाहेर आले तेव्हा नाक लाल झालं होतं. धूळ फार आहे म्हणाले. ताई, तुम्ही ती खोली इतकी पुसून गेला होतात की तिथे धुळीला बसायला जागा नव्हती.

काल दुकानात कुणीतरी तुमचं ऑपरेशन कसं झालं ते विचारलं. हे म्हणाले, चालू आहे. एवढं बोलून आत गेले आणि एकच काच कितीतरी वेळ पुसत बसले.

तुमच्याकडच्यांना माझा नमस्कार सांगावा. माया आहेच, ती अशीच राहू द्यावी.

तुमची,
भावजय


तिकडचं घर
दि. ४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ.

आशीर्वाद हाताच्या सवयीने लिहिला गेला. आज तो मनापासून आहे असं समजू नकोस.

सामान बंदरावर येऊन पडलं आहे आणि कस्टमने ते धरून ठेवलं आहे. मला बोलावणं आलं म्हणून आम्ही दोघं गेलो. लांबच लांब गोदाम, वर पत्रे, मध्ये एक टेबल, आणि टेबलावर माझे डबे ओळीने मांडलेले. प्रत्येकावर माझ्या अक्षरात ‘डबा, रिकामा’. अधिकारी बाईंनी एकेक झाकण माझ्यासमोर उघडलं. तांदूळ. डाळ. साखर. किटलीत चहाची पूड. कुकरमध्ये तर हात घालायला जागा नव्हती. मोठ्या तांदळाच्या डब्यात त्यांनी हातमोजा घालून हात घातला आणि तळातून दोन चष्मे काढले. कोरे करकरीत, तुझ्या दुकानाच्या पिशवीसकट.

मी माझ्याच चिठ्ठ्या पुन्हा एकदा वाचल्या. मी जन्मात कधी चुकीची चिठ्ठी लावली नाही, आणि परक्या देशात, सरकारी टेबलावर, माझ्या अक्षरात ओळीने खोटं मांडून ठेवलं होतं. बाई सभ्य होत्या. त्यांनी तीनदा विचारलं की हे तुम्ही भरलंत का, आणि मी तीनदा सांगितलं की नाही, माझ्या मागे भावाने. बंदी असलेलं धान्य, आणि त्यात लपवलेल्या नव्या वस्तू. आमच्या घरी फुटणारी वस्तू तांदळात घालूनच पाठवतात, माझ्या आईने बरण्या अशाच पाठवल्या, हे मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. पण चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

त्यांनी मला एक सोपी वाट दाखवली. हे सामान माझं नाही, भावाने परस्पर पाठवलंय, असं मी लिहून द्यायचं. मग मला दोष नाही. सगळं सामान परत किंवा जाळायला भट्टीत, आणि मी इथे दोन बॅगांची बाई. तू सुरुवातीला सांगत होतास अगदी तशीच. मी नाही म्हटलं. तांदूळ फेका, डाळ फेका, चष्म्यांची जकात लावा, पण माझं कपाट आणि माझी भांडी माझ्या घरी जातील, असं सांगून मी खुर्चीवर बसून राहिले. हे शेजारी उभे होते. एरवी न बोलणारा माणूस. ते बाईंना एवढंच म्हणाले की ही सांगते ते वजन बरोबर असतं, मी तपासलेलं आहे.

दुसरी वाट तुझ्या हातात आहे. ज्याने डबे भरले त्याने वकिलासमोर सही करून लिहून द्यायचं की तो कोण, माझा कोण, काय घातलं आणि कशासाठी घातलं. आणि माझं इथे येणं कायमचं आहे का, कशामुळे आहे, हेही त्याच कागदावर हवं, कारण जकातीची सूट त्यावरच आहे. महिनाअखेरपर्यंत कागद आला आणि पटला तर सामान सुटेल. नाहीतर जप्त.

आता नीट वाच. त्या कागदावर डोळे चालणार नाहीत. उपचाराला गेली असं लिहिलंस तर कायद्याने मी पाहुणी ठरते आणि आईच्या हातचा झारासुद्धा भट्टीत जातो. काय घडलं ते लिहावं लागेल, तो न लिहिता येणारा शब्दही लिहावा लागेल. लिहायचं नसेल तर तसं कळव. मी पाटावर बसून जेवीन, पण पाहुणी म्हणवून घेणार नाही.

दुसरा चष्मा कुणाचा, हे मी बाईंना सांगितलं नाही. तू सांग.

लोभाबद्दल पुढच्या पत्री बघू.

ताई


चष्म्याचं दुकान
दि. १९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि उभ्या गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगितलं. बायकोने वाचलं आणि मला विचारलं, जाड पत्रा का?

मला नियम माहीत होता, ताई. तूच लिहिला होतास. पण त्या खोलीत गेलो आणि सगळीकडे रिकामा, रिकामा, रिकामा. तुला नांदायला पाठवायचं आणि घरातून रिकामी भांडी पाठवायची, हे माझ्याने बघवेना. खरं तर आदल्या दिवशीच तांदूळ घेऊन ठेवले होते. मी निरोपाला येणार नाही म्हणालो होतो, म्हणून तो निरोप मी डब्यांत घालून आलो. तू टेबलासमोर उभी राहिलीस हे वाचून मला माझीच लाज वाटली.

कागद सही झाली त्याच दिवशी स्वतंत्र पाकिटातून गेला आहे. नक्कल इथे देतो.

‘मी, चष्मे करणारा, लिहून देतो की माझ्या थोरल्या बहिणीने आपल्या मर्जीने लग्न केलं असून ती आपल्या नवऱ्याच्या घरी कायमची राहायला गेली आहे. तिचं इथलं बिऱ्हाड उठलं आहे. ती कोणत्याही उपचाराला गेलेली नाही. तिचे डोळे उत्तम आहेत. तिने डबे रिकामे ठेवले होते आणि चिठ्ठ्या खऱ्या लावल्या होत्या. ती गेल्यावर तांदूळ, डाळ, साखर आणि चहा मी घातला. दोन चष्मे तांदळात ठेवले ते फुटू नयेत म्हणून. एक माझ्या बहिणीचा आणि एक माझ्या मेहुण्यांचा. दोन्ही माझ्याकडून भेट आहेत.’

मेहुण्यांचा नंबर कुठून मिळाला म्हणशील. दांडी जोडायला आलेला चष्मा कुणाचा ते मी विचारलं नाही, कारण विचारायची गरज नव्हती. काच जुनी होती, चरे पडले होते. नंबर काढून ठेवला.

साक्षीदार म्हणून आधी काकांकडे गेलो. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि कागद असा दूर केला की जणू तो भाजला. असल्या गोष्टीखाली आपली सही नको म्हणाले, आणि मलाही सांगितलं की घरातलं घरात ठेव. मी वाद घातला नाही. वकिलासमोर सही केली. साक्षीदार तुझी भावजय. तिला आता सवय झाली आहे.

पण तिथून परत येताना माझं डोकं फिरलं. मनात म्हटलं, परक्या देशातल्या अधिकाऱ्याला जे खरं सांगतो ते माझ्या गल्लीला का नाही? माझ्याकडे जवळचं वाचायचं कार्ड असतं, तुला माहीत आहे, चार ओळींचा उतारा, अक्षर मोठ्याकडून बारकं होत जातं. ते जुनं कार्ड मी काढून टाकलं. तुझ्यासाठी लिहिलेला कागद त्याच मापात छापून घेतला आणि पुठ्ठ्यावर चिकटवला. आता ज्याला चष्मा हवा त्याने तो मोठ्याने वाचायचा. शिंपीण वाचून गेली. पोस्टमनने दोनदा वाचलं, एकदा चष्म्याशिवाय. बँकेतले साहेब ‘तिचे डोळे उत्तम आहेत’ इथे थांबले आणि माझ्याकडे बघून मोकळं हसले. समोरच्या दुकानात गेलेली दोन्ही गिऱ्हाइकं परत आली.

परवा काका आले. रागातच होते, पण त्यांचा नंबर बदलला आहे आणि नव्या माणसाकडून डोळे तपासून घ्यायला त्यांना आवडत नाही. मी तपासायची फ्रेम त्यांच्या नाकावर ठेवली आणि कार्ड हातात दिलं. बाकावर चार माणसं बसली होती. काका ‘मर्जीने’ पर्यंत आले आणि थांबले. म्हणाले, पुढचं अक्षर पुसट आहे. मी काच बदलली. अजून पुसट. पुन्हा बदलली. तरीही पुसट. ताई, त्यांच्यासमोर माझं तोंड उघडत नाही, पण ते माझं दुकान होतं आणि माझ्या खुर्चीवर ते बसले होते. मी म्हटलं, काका, एवढं ठळक अक्षर दिसत नसेल तर दुखणं गंभीर आहे, तुम्हाला उपचाराला परदेशी पाठवावं लागेल.

बाकावर कुणीतरी खोकलं. काकांनी कार्ड जवळ घेतलं आणि वाचलं. लग्न वाचलं, कायमची वाचलं, मेहुण्यांचा वाचलं, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत एकही अक्षर न गाळता. मग फ्रेम काढून माझ्या हातात दिली आणि सोमवारी चष्मा न्यायला येतो म्हणाले.

आणखी एक. तुझ्या त्या पेन चावणाऱ्या कारकुनाला जाऊन भेटलो. तिकडून इकडे कायमचं परत येणाऱ्यालाही आपलं वापरलेलं बिऱ्हाड जकातीशिवाय आणता येतं, असा नियम आहे. मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. तू यावंस असं मी म्हणत नाही. पण रस्ता दोन्ही बाजूंनी उघडा आहे हे कळल्यावर मला झोप लागली. आता कपाट तिकडे असलं तरी माझी हरकत नाही.

लोभाचं मागच्या पत्री उधार ठेवलं होतंस. या पत्री मिळावा.

तुझा,
धाकटा

ता. क. मेहुण्यांना सा. न.


तिकडचं घर
दि. १२ मे

चि. धाकट्यास,
अ. आ. हा मनापासून आहे. पुरवून वापर.

सामान सुटलं. अधिकारी बाईंनी तुझा कागद दोनदा वाचला आणि ‘तिचे डोळे उत्तम आहेत’ याखाली पेन्सिलीने रेघ मारली, कशासाठी ते मी विचारलं नाही. धान्य त्यांनी ठेवून घेतलं. चष्म्यांची जकात आम्ही भरली आणि पावती कपाटात लावून ठेवली. कपाट दारातून आत येईना, तेव्हा यांनी दाराचं कवाड काढलं. कपाटाचा पाय कापायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

यांचा नंबर तू तंतोतंत काढला आहेस. काल पहिल्यांदा घालून ते खिडकीशी बसले आणि समोरच्या इमारतीवरची पाटी मोठ्याने वाचली. इतकी वर्षं तिथे काहीतरी लिहिलंय एवढंच त्यांना माहीत होतं. माझा चष्मा मी घालत नाही, मला लागत नाही. पण उशाशी ठेवला आहे.

काकांना माझा नमस्कार सांग आणि दर सहा महिन्यांनी नंबर तपासत जा.

आता त्या तांदळाच्या मोठ्या डब्याचं. तो मी घासून फळीवर ठेवला आणि जुनी चिठ्ठी काढून टाकली. तो तू भरून पाठवलास म्हणजे तो आता तुझा. आपल्या घरातून भांडं रिकामं परत जात नाही, आणि भरलेलं कस्टम जाऊ देत नाही. तेव्हा तो काही परत येणार नाही. हवा असेल तर दुकानाला कुलूप लाव आणि बायकोला घेऊन न्यायला ये. येताना दोन बॅगा पुरतील, कारण तुम्ही पाहुणे आणि घर माझं.

वाट बघते.

तुझी,
ताई